शांतता, अडतीस सेकंद

‘सर्वेक्षणात सहभागी झालेल्या तीनशे चाळीस ज्येष्ठ व्यक्तींपैकी ब्याण्णव टक्के व्यक्तींनी, आपण चांगले आयुष्य जगलो, असे स्पष्टपणे सांगितले आहे. सबब, वृद्धनिवासांच्या सध्याच्या व्यवस्थेत कोणताही बदल करण्याचे प्रयोजन दिसत नाही.’

अहवालाच्या पहिल्याच पानावरची ही दोन वाक्ये. दुसरे पहिल्याच्या खांद्यावर बसलेले आहे, आणि पहिले कशावर उभे आहे हे वाकून पाहण्याची तसदी कोणी घेऊ नये म्हणून ते ठळक अक्षरांत छापले आहे. ‘सबब’ हा शब्द मोठा गुणी. तो दिसला की वाचणारा मान डोलावतो आणि पान उलटतो.

तिला ते पान उलटता आले नाही. त्या तीनशे चाळीस मुलाखतींतला शब्द न् शब्द तिच्याच बोटांखालून गेला होता. अहवाल तयार करणाऱ्या संस्थेत ती श्रुतलेखिका होती. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण कानाला लावायचे आणि जे ऐकू येईल ते उतरवायचे, हे तिचे काम. शब्द तर खरेच, पण खोकला, उसासा, अर्ध्यावर सोडून दिलेले वाक्य, आणि माणूस गप्प राहिला तर किती सेकंद गप्प राहिला, हेही. चौदा वर्षे ती हे डोळ्यांत तेल घालून करत आली होती. एकदा एका संशोधकाच्या निबंधातला एकुलता एक स्वल्पविराम जागेवर यावा म्हणून तिने तो निबंध तीनदा परत पाठवला, तेव्हापासून माघारी तिला सगळे ‘स्वल्पविराम’ म्हणत. तोंडावर ‘बाई’ म्हणत, कारण संस्थेचा संचालक तिचा सख्खा मोठा भाऊ होता.

तर, ‘स्पष्टपणे’. मुलाखत क्रमांक सत्याऐंशीमध्ये एका निवृत्त शिंप्याने म्हटले होते, ‘चांगलं म्हणजे, आता वाईट तरी कसं म्हणायचं?’ हे स्पष्टपणाच्या कोणत्या प्रकारात बसते, ते अहवालाने सांगितलेले नाही. मग ‘सांगितले’. सांगण्यासाठी तोंड उघडावे लागते, निदान तिची समजूत तशी होती. तिने स्वतःच्या प्रती काढल्या, पेन्सिल घेतली आणि दुपारभर खुणा केल्या. ‘हो’ म्हणणारे एकशे एकोणीस. त्यांतल्या चाळीसेकांचे ‘हो’ म्हणजे ‘हो, तसं म्हणायला हरकत नाही’. ‘नाही’ म्हणणारे सत्तावीस. राहिले एकशे चौऱ्याण्णव. ते काही बोललेच नव्हते. त्यांच्या उत्तराच्या जागी तिच्याच हाताने टंकलेले होते: (शांतता, अकरा सेकंद). (शांतता, सतरा सेकंद). (शांतता, बावीस सेकंद, किल्ल्यांचा आवाज).

किल्ल्यांचा आवाज तर जिकडेतिकडे होता. प्रत्येक निवासाच्या व्यवस्थापिकेच्या कमरेला जुडगा असे, आणि मुलाखत चालू असताना ती खोलीत काही ना काही आवरत राही. प्रश्न सोपा असला की जुडगा हलत असे. प्रश्न अवघड झाला की तोही थांबून ऐकत असे.

गप्प राहिलेल्यांना ‘हो’मध्ये धरले नाही तर ब्याण्णवाचे पस्तीस उरत होते. प्रती बगलेत मारून ती आकडेवाल्यांच्या खोलीत गेली. हे गृहस्थ संस्थेचे आकडे सांभाळत. निवृत्तीला दहा महिने राहिले होते, आणि त्या दहा महिन्यांत जगात काहीही नवे घडू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

“हे एकशे चौऱ्याण्णव लोक तुम्ही कुठे घातलेत?” तिने उभ्याउभ्याच विचारले.

“कुठले, बाई?”

“गप्प राहिलेले.”

“गप्प कोणीच नाहीये,” आकडेवाले चष्मा पुसत म्हणाले. “माझ्याकडे गप्प असा रकानाच नाही. समाधान आणि असमाधान, दोनच.”

“मग माणसं गेली कुठे?”

“समाधानात.”

“आपल्या पायांनी?”

“बाई, तुम्ही माझ्यावर कशाला डाफरता? नियम चौदा.” त्यांनी खणातून नियमपुस्तिका काढून नेमके पान उघडले. बोटाने ओळ दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर हात वर केलेल्या माणसाची शांती होती. ओळ अशी होती: ‘तिन्ही खोदप्रश्नांनंतर उत्तरदाता दहा सेकंदांहून अधिक काळ मौन राहिल्यास, विचारलेल्या गोष्टीस त्याचा होकार आहे असे समजून उत्तर समाधान या रकान्यात नोंदवावे. आधार: नमुना मुलाखत क्रमांक एक.’

“आणि मी जे सेकंद मोजून लिहिते ते?”

“त्यावाचून दहा झाले हे आम्हाला कळणार कसं?” आकडेवाल्यांनी मनापासून कौतुकाने मान हलवली. “खरं सांगू का, तुमच्याइतकं चोख काम या इमारतीत कोणाचं नाही. दुसरं कोणी असतं तर नुसतं ‘गप्प’ लिहून मोकळं झालं असतं. मग आमची पंचाईत. तुमच्या सेकंदांवरच तर हे सगळं उभं आहे.”

माणसाला लाथ मारावी तर ती अशी, त्याच्या कामाची तारीफ करत.

खोदप्रश्न हा शब्द तिच्या दादाचा. त्यावर त्याची सगळी कीर्ती उभी होती. कोणालाही आधी विचारायचे, ‘चांगलं आयुष्य म्हणजे तुमच्या मते काय?’ उत्तर काहीही येवो, त्यावर तीन वार करायचे: म्हणजे काय? हे कशावरून? आणि तसं नसतं तर? पहिला प्रश्न शब्दांची टरफले काढतो, दुसरा पुरावा मागतो, आणि तिसऱ्याला माणूस आपल्या खऱ्या श्रद्धेवर येऊन आदळतो, अशी दादाची मांडणी होती. ती चुकीचीही नव्हती. आपण ज्याला चांगले म्हणत आलो ते आपल्या गळ्यात कोणी बांधले, हे विचारण्याची हिंमत फार थोड्यांत असते. ती हिंमत विकत देणारा माणूस म्हणून दादा ओळखला जाई. व्याख्यानांना गर्दी होई. टाळ्या पडत. फक्त तिसऱ्या प्रश्नानंतर जी शांतता पडे तिचे पुढे काय होते, हे कोणी त्याला विचारले नव्हते. तिनेही नाही. चौदा वर्षे ती ही शांतता मोजून, बांधून, वेळेवर पोहोचती करत होती आणि पुढच्या दाराला तिची कशी वासलात लागते हे पाहायला कधी गेली नव्हती. स्वतःच्या या चोखपणाची तिला त्या क्षणी शिसारी आली.

नमुना मुलाखत क्रमांक एक तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात होती, खालच्या कप्प्यात. पिवळी पडलेली कॅसेट. तिच्यावर दादाच्या तरुण, तिरप्या अक्षरात लिहिले होते: ‘स्त्री, वय तेवीस, अविवाहित.’

नाव नव्हते. नावाची तिला गरज नव्हती.

तेवीस वर्षांची असताना तिला दूरच्या शहरातल्या नकाशे काढण्याच्या कार्यालयातून नेमणुकीचे पत्र आले होते. ‘एकवीस दिवसांत रुजू व्हावे.’ शाळेपासून तिला नकाशांचे वेड होते. नदीची रेघ काढताना ती श्वास रोखून धरी. पत्र आले त्याच महिन्यात आईचा डावा अर्धा देह लुळा पडला. त्याच महिन्यात दादालाही परदेशी विद्यापीठात संशोधनासाठी जायचे होते, विषय अर्थातच चांगले आयुष्य. वडील नव्हते. घरात थोरले काका म्हणतील ती पूर्व दिशा. काका म्हणाले, कोणीतरी एकाने थांबायला हवे, पण पोरीवर जबरदस्ती नको, तिला विचारा.

“मी विचारतो,” दादा म्हणाला होता.

आणि त्याने खरोखरच विचारले होते. नवा टेपरेकॉर्डर आणला होता त्याने. आईच्या खोलीला लागून असलेल्या मधल्या खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. त्याला आपल्या पद्धतीचा सराव करायचा होता, तिला वाटले, गंमत आहे. संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत काकांना सांगत होता ते तिने भाजी चिरताना ऐकले: “मी तिला नीट खोदून विचारलंय. तिची काही हरकत नाही.” विळीवर हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. आई त्यानंतर एकोणीस वर्षे जगली.

या एकोणीस वर्षांवर तिची स्वतःची एक फिर्याद होती आणि आरोपी ती स्वतःच होती. आपण गप्प का बसलो? याचे उत्तर तिला पाठ होते: आईच्या खोलीचे दार उघडे होते, आई ऐकत होती. मग दार का उघडे होते? कारण आईची हाक ऐकू यावी म्हणून ते नेहमी आपणच उघडे ठेवत असू. त्या एका दुपारी उठून ते लोटून घेतले असते, तर! तेहेतीस वर्षे ती या ‘तर’वर येऊन थांबे. दादाला बोल लावायला तिथे जागा नव्हती. त्याने विचारले होते. तीच मूग गिळून बसली होती, आणि तेही आपल्याच हाताने उघड्या ठेवलेल्या दारासमोर.

तिने कॅसेट जुन्या यंत्रात घातली, कानांवर हेडफोन चढवला, आणि सवयीने समोर कोरा कागद घेतला.

आधी खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. हलकी, भरभर पडणारी पावले; तिची स्वतःची, बावीस-तेवीस वर्षांच्या वयात माणूस असाच चालतो. मग खट्.

तिने टेप मागे घेतली. पुन्हा ऐकली. चौदा वर्षे दुसऱ्यांच्या खोल्या ऐकत आलेल्या कानांना त्यात चूक होणे शक्य नव्हते. ती कडी होती. दार लोटून आतून कडी घातल्याचा आवाज.

तिने ते उतरवले: (पावले. दार बंद केल्याचा आवाज. पावले परत.)

मग दुसरी पावले, जड, संथ. ती दाराकडे गेली. पुन्हा खट्. बिजागरी लांबलचक कुरकुरली. पावले परत आली, खुर्ची करकरली, आणि दादाचा तरुण आवाज प्रसन्नपणे म्हणाला, “हं, चिमे. सुरू करू या?”

तिने पेन खाली ठेवले. काही वेळाने पुन्हा उचलले, कारण टेप चालूच होती.

चांगलं आयुष्य म्हणजे काय, या प्रश्नावर ती मुलगी खळखळून हसली. मग म्हणाली, “जिथे गेल्यावर कोणी ‘आलीस का’ म्हणत नाही, ‘उशीर का झाला’ म्हणतं, तिथे असणं.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे आपल्यावाचून काहीतरी अडलं पाहिजे रे. नदी अर्धी काढून राहिलीय, कागद टेबलावर पडलाय, आणि सगळे म्हणतायत, ती कुठे आहे?”

“हे कशावरून?”

“पत्र वाचलं ना, तेव्हा माझं मला कळलं.”

“आणि तसं नसतं तर? समज, तू इथेच आईजवळ राहिलीस, तर त्यात तुला समाधान वाटेल का?”

या सगळ्या संभाषणाखाली एक बारीक किणकिण चालू होती. शेजारच्या खोलीत कोणीतरी पेल्यात चमच्याने औषधाची पूड ढवळत होते. आईचा उजवा हात शाबूत होता. प्रश्न संपला आणि किणकिण थांबली.

तिने घड्याळाकडे पाहिले आणि इतर कोणाचीही मोजली असती तशीच मोजली. (शांतता, अडतीस सेकंद. चमचा थांबलेला.) मग दादा हलकेच म्हणाला, “ठीक आहे,” आणि टेप बंद झाली. कॅसेटच्या डबीत एक चिठ्ठी होती, तिरप्या अक्षरातली. तिच्यावर एकच शब्द होता, समाधान.

दादाची खोली वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला होती. ती गेली तेव्हा तो खिडकीशी उभा राहून फोनवर कोणाला तरी हसवत होता. टेबलावर श्रुतलेखिकेचे प्रमाणपत्र तयार ठेवलेले होते: ‘अहवालातील निष्कर्ष मुलाखतींच्या मूळ ध्वनिमुद्रणाशी सुसंगत आहेत.’ खाली सहीसाठी ठिपके. या सहीशिवाय वृद्धनिवासांचे सरकारी खाते अहवाल स्वीकारत नसे. कोणत्या तरी प्रामाणिक अधिकाऱ्याने कधीकाळी घातलेली अट होती, आणि काढून टाकण्याचे कोणाला सुचले नव्हते म्हणून टिकली होती.

“ये, चिमे,” फोन ठेवत दादा म्हणाला. “सही कर आणि सुट. वहिनी म्हणत होती, या रविवारी जेवायलाच ये. किती दिवसांत आली नाहीस.”

तिने दार लोटले, कडी घातली आणि टेबलाच्या मधोमध रेकॉर्डर ठेवून त्याचे बटण दाबले.

“हे काय?”

“मुलाखत. क्रमांक तीनशे एकेचाळीस.”

“माझी?” तो मोठ्याने हसला. “अगं, प्रश्न मी विचारतो.”

“म्हणूनच. तेहेतीस वर्षांत तुला कोणी विचारलेलं नाही. मुलाखत दे, मग सहीचं बघू.”

तो खुर्चीत रेलून बसला. विद्वान माणसाला आपल्याबद्दल बोलण्याचे आमंत्रण नाकारता येत नाही. पोलिसांना हे ठाऊक असते, पण प्राध्यापक विसरतात.

“चांगलं आयुष्य म्हणजे तुमच्या मते काय?” तिने विचारले. ‘तुमच्या’ ऐकून त्याची भुवई वर गेली.

“चांगलं आयुष्य म्हणजे पडताळून घेतलेलं आयुष्य. तुला पाठ असेल एव्हाना, तूच टंकलंयस ते दहा वेळा.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे असं बघ, कुठलंही सुख हातात घेण्याआधी ते कोणाच्या वाट्याचं आहे, हे स्वतःला विचारणं. विचारून, उत्तर ऐकून, मग ते घेणं किंवा सोडणं.” व्याख्यानाची लय त्याच्या आवाजात आपोआप आली.

“हे कशावरून?”

“माझ्या स्वतःच्या आयुष्यावरून. मी आयुष्यात कोणाचं काही न विचारता घेतलं नाही.”

“आणि तसं नसतं तर?”

“नसतं तर काय? तर मी ढोंगी ठरलो असतो. झालं? आण ते पेन.”

पेन तिने दिले नाही. पर्समधून पिवळी कॅसेट काढली आणि रेकॉर्डरशेजारी ठेवली. दादाने ती पाहिली, आणि त्याच्या हसण्यातला पहिला टाका उसवला.

“कुठे सापडली ही?”

“तू जिथे ठेवलीस तिथे. नियम चौदाचा आधार आहे ना ती? दादा, त्या दुपारी मी दार लावलं होतं.”

“असेल. मला काय आठवतंय?”

“मी कडी घातली होती. तू उठलास आणि ती काढलीस.”

“अगं, उकडत असेल! वारा यावा म्हणून काढली असेल. तेहेतीस वर्षांपूर्वीची कडी घेऊन कोर्टात जाणार आहेस का तू?”

“खिडक्या दोन होत्या त्या खोलीला. उघड्या होत्या. रस्त्यावरची सायकलची घंटा ऐकू येतेय टेपवर.”

“तुझे हे कान!” तो म्हणाला. त्यात गंमत होती, पण फार थोडी. “आणि समज, होतं दार उघडं. तर? मी तुझं तोंड धरलं होतं का? तोंड होतं ना तुला?”

“होतं. आणि आईला कान होते.”

“मी तुला विचारलं, चिमे. या जगात किती भाऊ विचारतात? सांग ना! दुसरा असता तर सरळ म्हणाला असता, तू थांब, मी चाललो. मी बसून विचारलं. आणि नंतर सोडलं नाही तुला वाऱ्यावर. आई गेल्यावर आठ दिवसांत नोकरी दिली.”

“दिलीस. गप्प बसलेल्यांचे सेकंद मोजायची.”

त्याने हात पुढे केला. “बंद कर ते यंत्र.”

“रेकॉर्डर बंद करण्याचा अधिकार फक्त मुलाखत घेणाऱ्याला. नियम सहा.”

हात हवेतच राहिला. ते दोन्ही नियम त्याने स्वतः लिहिले होते, सुबक, निरपवाद, एकही पळवाट न ठेवता. लोकांनी पळू नये म्हणूनच लिहिले होते.

“एकच प्रश्न राहिलाय,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. मुलाखत घेणाऱ्याने तो चढवू नये, असाही एक नियम होता. “मी बोलू नये म्हणून तू दार मुद्दाम उघडं ठेवलंस का?”

तो गप्प राहिला. ती घड्याळाकडे पाहू लागली. खालून एक ट्रक गेला, काचा हलल्या, पुन्हा थांबल्या. हा माणूस शांततेचा धनी होता. आयुष्यभर दुसऱ्यांना तिच्यात बसवून तो आरामात बोटे जुळवून वाट पाहत आला होता. आता त्याच खुर्चीत बसल्यावर त्याला बोटांचे काय करावे कळेना.

“सात,” ती म्हणाली. “आठ. दहा झाले की मी होकार लिहिते, दादा. नियम चौदा.”

“तू माझ्याशी असं वागशील...”

“मी नाही. तुझी पद्धत. शांतता मोडलीस, पुन्हा पहिल्यापासून मोजते. एक.”

त्याने तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत पश्चात्ताप असेल म्हणून ती क्षणभर, अगदी क्षणभर, वाट पाहत होती. तेहेतीस वर्षांची फिर्याद मागे घ्यायला तिला एवढ्याने पुरले असते, आणि हे तिला स्वतःलाच नंतर सर्वांत लाजिरवाणे वाटले. त्या नजरेत चीड होती, हिशेबी माणसाची हुशारी अंगाशी आल्यावर येते ती. मग तो बोलला. न थांबता, एका दमात, जणू वाक्ये केव्हाची तयार होती. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन उठली, रेकॉर्डर आणि प्रमाणपत्र उचलून घेतले, कडी काढली आणि खाली आपल्या टेबलाशी जाऊन बसली. मागून “चिमे, सही!” अशी हाक आली. जिन्यात ती नीट ऐकू आली. दार उघडे होते.

ती मुलाखत टंकायला तिला वीस मिनिटे लागली. प्रमाणपत्रावरचा छापील मजकूर तिने रेघ मारून खोडला आणि ठिपक्यांच्या वर हाताने लिहिले: ‘सोबत जोडलेले एक पान मूळ ध्वनिमुद्रणाबरहुकूम आहे. अहवालातील पहिल्या वाक्याबद्दल असे म्हणता येत नाही: एकशे चौऱ्याण्णव व्यक्तींनी काहीही सांगितलेले नाही.’ खाली सही केली, पूर्ण नावाने. पाकिटावर खात्याचा पत्ता घातला आणि संध्याकाळच्या टपालात ते स्वतः नेऊन टाकले. खात्यात परिशिष्टे कोणी वाचत नाही, हे ती जाणून होती. न वाचलेल्या कागदाचेही फाइलमध्ये वजन राहते, एवढ्यावर तिने विसंबायचे ठरवले. यापेक्षा भक्कम आधार तिला आयुष्याने कधी देऊ केला नव्हता.

जोडलेल्या पानावरचे शेवटचे उत्तर, स्वल्पविरामांसकट, असे आहे:

‘मुलाखत क्रमांक तीनशे एकेचाळीस. पुरुष, वय साठ, संस्थाचालक. खोलीत तिसरी व्यक्ती नाही. दार बंद.

(शांतता, नऊ सेकंद.) हो, मीच उघडं ठेवलं. मुद्दाम. बंद राहिलं असतं तर तू बोलली असतीस, आणि तू बोलली असतीस तर मला थांबावं लागलं असतं, आणि मी काही थांबणार नव्हतो. चमचा थांबला तो मलाही ऐकू आला, तू एकटीच कानांची नाहीस. दहा सेकंद मी नंतर लिहिले, नियमासाठी. त्या दिवशी मी मोजत नव्हतो, तू बोलणार नाहीस याची खात्री होईपर्यंत बसून होतो. (शांतता, सहा सेकंद.) आणि विचारतेच आहेस तर लिही, स्पष्ट लिही: मी चांगलं आयुष्य जगलो.’